शुल्कमाफी वाढली, तरी उच्च शिक्षण महागच का?

आपण विचारले आहे की, सरकार ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’सारख्या योजनेवर हजारो कोटी रुपये खर्च करते, मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्कही माफ करते, तरी मुलीला अभियांत्रिकीला पाठवायचे म्हटले की घरातली सगळी बचत मोडावी लागते, हे कसे? सरकार मदत देते म्हणूनच महाविद्यालये शुल्क वाढवतात, हे म्हणणे खरे आहे का? आणि येत्या वर्षी कन्येचा प्रवेश घेताना आपण काय गृहीत धरावे? विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात आणि त्यानंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्कप्रस्ताव तयार करण्याच्या कामात माझी बहुतेक नोकरी गेली. त्यामुळे हे उत्तर मी हिशेबाच्या वहीतून देतो.

माझे मत आधीच सांगतो. सरकारने पैसा दिला म्हणून शिक्षण महाग होते, असे मला दिसलेले नाही. तो पैसा कोणाच्या हाती जातो, कोणत्या खर्चासाठी जातो आणि केव्हा पोहोचतो, यावर कुटुंबाचा भार ठरतो. महाराष्ट्राने गेल्या चाळीस वर्षांत संस्थेला अनुदान देण्याचा मार्ग हळूहळू सोडून विद्यार्थ्यामागे शुल्काची प्रतिपूर्ती करण्याचा, म्हणजे त्याचे शुल्क शासनाने भरून देण्याचा, मार्ग धरला. त्या मार्गावर रक्कम अपुरी येते आणि त्याहून वाईट म्हणजे उशिरा येते. या तीन बाबींपैकी उशीर ही सर्वांत कमी चर्चिलेली आणि माझ्या अनुभवात सर्वांत महागात पडणारी बाब आहे, म्हणून तिच्यावर मी अधिक लिहिणार आहे.

हा बदल कसा झाला, ते थोडक्यात पाहावे लागेल. १९८३पर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षण म्हणजे प्रामुख्याने शासकीय अथवा अनुदानित महाविद्यालय असे. जागा थोड्या होत्या, पण शिक्षकांचा पगार शासनाच्या तिजोरीतून होत असल्याने विद्यार्थ्याने भरायचे शुल्क नाममात्र होते. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्रातली मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात होती आणि नवी महाविद्यालये स्वतः काढण्याइतका पैसा शासनाकडे नव्हता, ही त्यामागची अडचण खरी होती. त्या निर्णयामुळे ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिला अभियंता झाला, हेही नाकारता येत नाही. मात्र त्या दिवसापासून शिक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या शुल्कातून काढण्याची पद्धत रूढ झाली. पुढे २००१मध्ये ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आले आणि नव्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांनाही अनुदानाचा दरवाजा बंद झाला.

देणगीला आळा घालण्यासाठी राज्याने १९८७चा कायदा केला. न्यायालयांनीही या प्रश्नात वारंवार लक्ष घातले. १९९२च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगी बेकायदा ठरवली. १९९३मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी योजना घालून दिली. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने उचलायचा. २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना रद्द केली. संस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी आणि देणगी मात्र चालणार नाही, असे सांगितले. २००३च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली शुल्क समित्या आल्या आणि २०१५च्या कायद्याने महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले. हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगतो की, ज्याला आज आपण महाविद्यालयाचे शुल्क म्हणतो, ते बाजारात ठरलेली किंमत नाही आणि शासनाने दिलेली सवलतही नाही. तो संस्थेच्या हिशेबातून निघालेला, नियामकाने तपासलेला भागाकार आहे.

तो भागाकार कसा होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा वेतन, वेतनेतर खर्च, घसारा वगैरे मिळून मान्य खर्च वर्षाला १२ कोटी रुपये आहे आणि विद्यार्थी १,२०० आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख रुपये येतात. पुढच्या वर्षी वेतनवाढ आणि महागाई भत्ता धरून खर्च ८ टक्क्यांनी वाढला, म्हणजे १२ कोटी ९६ लाख झाला, आणि काही शाखांना मुले न मिळाल्याने विद्यार्थी १० टक्क्यांनी घटून १,०८० झाले. आता भागाकार १ लाख २० हजार येतो. खर्च ८ टक्के वाढला आणि शुल्क मात्र २० टक्के. प्राधिकरण प्रत्येक आकडा तपासते, काटछाटही करते, तरी गणिताचा कल हाच राहतो. कमी मुले असलेल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला रिकाम्या बाकांचाही काही भार उचलावा लागतो. सरकारने एक रुपयाही जास्त दिला नसता तरी ही वाढ झालीच असती.

वेतनाच्या बाजूला आणखी एक कारण आहे. विल्यम बॉमॉल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रे सुधारली की त्याच कामगाराकडून दुप्पट माल निघतो, पण शिकवण्याच्या कामात तसे होत नाही. साठ मुलांच्या वर्गाला एखादा सिद्धान्त नीट समजावून द्यायला पूर्वी जेवढा वेळ लागत असे, जवळपास तेवढाच आजही लागतो. शिक्षकाचा पगार मात्र इतर क्षेत्रांतल्या पगारांबरोबर वाढावा लागतो, नाही तर चांगला माणूस या पेशात येत नाही. म्हणून शिक्षणाचा खर्च सामान्य महागाईपेक्षा थोडा जास्त वेगाने वाढणे स्वाभाविक आहे. पण हे कारण सांगून प्रत्येक वाढ खपवता येणार नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८मध्ये अभियांत्रिकीसाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १५ विद्यार्थ्यांमागे एक यावरून २० विद्यार्थ्यांमागे एक असे केले. १,२०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला पूर्वी ८० शिक्षक लागत होते, तिथे ६० पुरू लागले. त्या प्रमाणात शुल्क उतरल्याचे निदान माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रस्तावांत मला दिसले नाही.

मदतीमुळे शुल्क वाढते, हा आक्षेप मूळचा अमेरिकेतला आहे. १९८७मध्ये तिथले तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी तो जाहीरपणे मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिथे महाविद्यालय आपले शुल्क स्वतः ठरवते आणि विद्यार्थी सरकारी कर्ज घेऊन ते भरतो, त्यामुळे काही प्रकारच्या संस्थांबाबत या आक्षेपात तथ्य असल्याचे अभ्यास आहेत. तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांत मात्र २००८च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदान कापले आणि ती तूट शुल्कवाढीने भरून काढली गेली, म्हणजे कारण नेमके उलटे होते. आपल्याकडे केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेचे शुल्क प्राधिकरण ठरवत असल्यामुळे तो आक्षेप जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपल्याला जवळचे उदाहरण आंध्र प्रदेशाचे आहे. २००८मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. गरीब घरांतल्या मुलांसाठी ती मोठी संधी ठरली आणि त्याच वेळी शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांना ठरलेले उत्पन्न मिळू लागले. बोजा वाढला तेव्हा सरकारने प्रवेश परीक्षेतल्या पहिल्या १० हजार क्रमांकांपलीकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी प्रतिपूर्तीला ३५ हजार रुपयांची मर्यादा घातली. पुढे तेलंगणात शुल्क लाखाच्या पुढे गेले, मर्यादा मात्र वर्षानुवर्षे तीच राहिली. वरचा फरक पालकांच्या खिशातून गेला आणि महाविद्यालयांची सरकारकडची थकबाकी हा दोन्ही तेलुगू राज्यांतला कायमचा वादाचा विषय झाला. योजनेचे नाव तेच राहून तिचे मोल कसे आटत जाते, ते यावरून दिसते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पात्र विद्यार्थ्यांच्या शिक्षण शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती होते. इतर मागास प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मे शुल्क मिळते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ज्यांना आपण सर्रास ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास) म्हणतो त्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास निम्मे शुल्क मिळते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींसाठी हे प्रमाण ५०वरून १०० टक्के झाले. कागदावर ही व्यवस्था देशातल्या उदार व्यवस्थांपैकी एक आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो.

अडचण सुरू होते ती प्रवेशाच्या खिडकीवर. ऑगस्टमध्ये मुलगी कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचे, वाटपपत्र घेऊन महाविद्यालयात येते. तिच्या फायलीत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, प्रवर्गाप्रमाणे नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र असते. ती महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरते. तो अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनवर, मग सहसंचालक किंवा समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. एखाद्या टप्प्यावर दाखला अस्पष्ट आहे म्हणून अर्ज परत येतो, आधार बँक खात्याशी जोडलेले नाही म्हणून रक्कम अडते. शासनाकडे अर्थसंकल्पात तरतूद असते, पण ती तरतूद बीम्स या शासनाच्या निधी-वितरणाच्या संगणकीय प्रणालीवर टप्प्याटप्प्याने वितरित होते, कधी पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. त्यामुळे ऑगस्टमध्ये शिकायला लागलेल्या मुलीचे शुल्क मार्चअखेरीस, आणि पुष्कळदा पुढच्या आर्थिक वर्षात पोहोचते.

या विलंबाची किंमत कोण देते, ते पाहा. वरच्याच महाविद्यालयातले १,२००पैकी ७०० विद्यार्थी प्रतिपूर्तीस पात्र आहेत आणि प्रत्येकी १ लाख रुपये शासनाकडून येणे आहेत, असे धरू. ७ कोटी रुपये वर्षभर अडकले आणि तेवढ्याची सोय बँकेकडून ११ टक्के व्याजाने करावी लागली, तर व्याज ७७ लाख होते. सगळ्या विद्यार्थ्यांवर विभागले तर डोई सुमारे ६,४०० रुपये. ही रक्कम कोणत्याही शुल्कतक्त्यात ‘शासनाच्या विलंबाचे व्याज’ म्हणून छापलेली नसते, पण ती कुठून तरी निघतेच. प्राध्यापकांचे पगार तीन-चार महिने थकतात, प्रयोगशाळेचे साहित्य घेणे पुढे ढकलले जाते, अनुभवी शिक्षकाऐवजी तासिका तत्त्वावर नवखा माणूस घेतला जातो. जिथे व्यवस्थापन कमी सज्जन आहे, तिथे ओळखपत्र, ग्रंथालय, प्लेसमेंट, युनिफॉर्म अशा नावांनी वेगळी वसुली होते. बाहेरच्याला ती केवळ लोभापोटी झालेली वाटते. काही ठिकाणी ती खरोखरच लोभापोटी असते, पण सर्वत्र नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने हाच विलंब आणखी कठीण असतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी प्रतिपूर्तीची रक्कम मागू नये, अशी परिपत्रके शासनाने वारंवार काढली आहेत. तरीही ‘आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगणारे काउंटर आजही आहेत. मग वडील पतपेढीतून कर्ज काढतात किंवा आईचे दागिने गहाण पडतात. पुढे शुल्क परत मिळाले तरी मधल्या काळाचे व्याज कोणी देत नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर थकीत प्रतिपूर्तीच्या कारणाने मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचे प्रकारही होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८च्या अधिसूचनेत मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास मनाई केली आहे, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीत एक वेगळी गुंतागुंत आहे. डिसेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता देऊन त्यातला ६० टक्के हिस्सा स्वतः उचलण्याचे ठरवले. त्याआधीच्या ‘बांधील दायित्वा’च्या, म्हणजे आधीच्या योजनाकाळाएवढा खर्च राज्याने स्वतःच उचलण्याच्या, सूत्रामुळे केंद्राचा वाटा फार खाली आला होता, म्हणून तो निर्णय चांगलाच होता. पण केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्याने महाविद्यालयाला द्यायचा असतो. राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगळ्या वेळी येतो. घरात कोणी आजारी आहे, खात्यावर एकदम मोठी रक्कम जमा झाली आहे आणि ती आठवडाभरात दुसऱ्याला द्यायची आहे, अशा स्थितीत वीस वर्षांच्या मुलाला आपण उभे करतो. पुढे तो मुलगा महाविद्यालयाच्या दप्तरात थकबाकीदार ठरतो. पारदर्शकतेसाठी केलेल्या बदलाचे ओझे व्यवस्थेतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर आले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा २०१३पासून २.५ लाख रुपये आहे. एका चालकाला महिन्याला २२ हजार रुपये पगार आहे, असे धरा. वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात. मर्यादेपेक्षा १४ हजार जास्त. अशा घरातल्या मुलाला राज्याच्या फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी योजनेतून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, पण निर्वाह भत्ता जातो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेलाही अडीच लाखांचीच मर्यादा असल्याने मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळू शकणारे साहाय्यही जाते. १४ हजारांच्या जादा उत्पन्नापायी ६० हजारांची मदत गमावणारी ही रचना कामकरी माणसाला पगारवाढीची भीती घालते. एका दशकाहून अधिक काळात मजुरी, भाडे, किराणा सगळे वाढले. मर्यादा जागच्या जागी राहिली, म्हणून कोणतीही घोषणा न करता दरवर्षी काही कुटुंबे योजनेबाहेर पडत गेली.

भत्त्याचेही तसेच. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या गटातल्या, म्हणजे अभियांत्रिकी-वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये शैक्षणिक भत्ता आहे. महिन्याचे १,१२५ रुपये झाले. पुण्यात दोन वेळच्या साध्या मेसचे बिलही त्यात भागत नाही. शुल्कमाफीच्या सगळ्या चर्चेत ही बाजू मागे पडते. बाहेरगावच्या मुलीसाठी कॉट बेसिसवरची खोली, मेस, प्रवास, लॅपटॉप आणि परीक्षेच्या काळातले जादा दिवस हा खर्च अनेकदा निम्म्या शिक्षण शुल्काएवढा असतो आणि तो कोणत्याही प्राधिकरणाच्या तक्त्यात येत नाही. एखाद्या तालुक्यातल्या मुलीला शुल्कमाफीपेक्षा मुलींच्या वसतिगृहातली एक सुरक्षित जागा जास्त उपयोगी पडते, हे मी अनेक कुटुंबांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता लाडकी बहीण आणि शिक्षण यांच्यातल्या स्पर्धेविषयी. जून २०२४च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली तेव्हा वार्षिक ४६ हजार कोटी रुपयांचा अंदाज होता. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. त्याच अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवलेली आहे. मुलींच्या पूर्ण शुल्कमाफीचा अतिरिक्त वार्षिक भार मंजुरीच्या वेळी सुमारे ९०६ कोटी सांगितला गेला होता, म्हणजे त्या ३६ हजार कोटींच्या जेमतेम अडीच टक्के. यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की, गरीब बाईला दिलेले दीड हजार रुपये हे महाविद्यालयाचे पैसे आहेत. मला तो निष्कर्ष मान्य नाही. वर्षाचे १८ हजार रुपये आईच्या स्वतःच्या खात्यावर आले, तर मुलीच्या बसपासाला आणि परीक्षा फॉर्मला घरात हात पसरावा लागत नाही, हेही शिक्षणावरचे साहाय्यच आहे.

मला चिंता आहे ती वेगळ्या गोष्टीची. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांचा पैसा तिजोरीतून आधी बाहेर पडतो. त्यानंतर दरमहा खात्यात जमा व्हायची योजना येते, कारण ती एक महिना चुकली की राज्यभर चर्चा होते. शुल्काची प्रतिपूर्ती सहा महिने थांबली तर प्राचार्य पत्र लिहितात, सहसंचालक ते पुढे पाठवतात आणि मुलगी वर्गात बसलेलीच असते. तंगीच्या वर्षात ज्या देण्याचा गवगवा होत नाही ते देणे मागे पडते. तरतुदीचा आकडा कमी न करताही शिक्षणाचा पैसा अशा रीतीने आक्रसतो आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तो कुठेही दिसत नाही. ही स्पर्धा रोख रकमेची आहे आणि ती नियम करूनच मिटेल.

नियम कठीण नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे प्रवर्ग, अधिवास, प्रवेश सगळे आधीच तपासलेले असते. त्यांची संख्या जूनमध्येच माहीत असते, शुल्कही ठरलेले असते. नूतनीकरणाच्या या विद्यार्थ्यांची निम्मी रक्कम पहिल्या सत्राच्या आत संस्थेला आगाऊ देऊन उरलेली उत्पन्नाचा नवा दाखला आणि हजेरी तपासून देता येईल. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला व्याज द्यावे लागते, असे २००६चा कायदा सांगतो. शासनाने विद्यार्थ्याच्या देण्यालाही तसेच बंधन घालून घ्यावे. आयआयटीत २०१६मध्ये बी. टेक.चे वार्षिक शुल्क ९० हजारांवरून २ लाख झाले, तेव्हा अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि १ लाखाखालच्या उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ, तर १ ते ५ लाख उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश माफ केले गेले. शुल्कवाढीबद्दल मतभेद असू शकतात, पण ती माफी संस्थाच खिडकीवर देते, विद्यार्थ्याला आधी भरून मग वाट पाहावी लागत नाही. उत्पन्नाच्या मर्यादा दरवर्षी महागाई निर्देशांकाशी जोडल्या आणि मर्यादेपलीकडे मदत एकदम न तोडता टप्प्याने कमी केली, तर वर सांगितलेल्या चालकाचा प्रश्न सुटेल. आणि अनुदानित महाविद्यालयांतली रिक्त पदे भरणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे, कारण तिथला प्रत्येक भरलेला शिक्षक शेकडो मुलांना नाममात्र शुल्कात शिकवतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६मध्ये सांगितले. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. २०२०च्या राष्ट्रीय धोरणातही तेच ६ टक्के पुन्हा लिहावे लागले आहेत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वर सांगितलेले शुल्कनियंत्रण आणि मुलींची माफी खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. अशा विद्यापीठांसाठी राज्याने २०२३मध्ये एकत्रित कायदा केला आणि त्यांची संख्या वाढत आहे. एखादे परिचित महाविद्यालय खासगी विद्यापीठात रूपांतरित झाले, तर इमारत आणि शिक्षक तेच राहूनही आपल्या मुलीचा माफीचा हक्क जाऊ शकतो.

म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालय प्राधिकरणाच्या कक्षेत आहे का, ते पाहा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचे मंजूर शुल्क महाविद्यालयाने सांगितलेल्या शुल्काशी ताडून पाहा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळे लिहिलेले असतात. मुलींची माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची आहे, बाकीच्या रकमा आपल्यालाच भराव्या लागतील असे धरून चाला. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, कारण व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्था स्तरावरच्या जागांना ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि आपल्याला लागू असेल ते ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता आताच सेतू केंद्रात अर्ज करून काढून ठेवा. जूनमध्ये तिथे रांगा लागतात. मुलीचे बँक खाते तिच्या नावाने, आधारशी जोडलेले आणि चालू स्थितीत असावे.

हाताशी ठेवायची रक्कम म्हणाल, तर विकास व इतर शुल्क, वसतिगृह किंवा खोलीची अनामत, सहा महिन्यांची मेस आणि लॅपटॉप एवढे नक्की धरा. शिक्षण शुल्काच्या एका सत्राएवढी रक्कम शक्य असल्यास राखीव ठेवा, मात्र ती महाविद्यालयाने मागितली तर आधी शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी मागणी घ्या. कर्जाचा विचार असेल, तर नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक गुणवत्तापूर्ण संस्थांसाठीच आहे. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसऱ्या कोणत्याही सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळते. आपल्या पसंतीची संस्था त्या यादीत आहे का, हे आधी तपासा आणि शुल्कमाफी घ्यायची की व्याज सवलत, याचा हिशेब बँकेत जाण्यापूर्वी करून ठेवा. प्रवेश झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटीचा अर्ज भरा, तो परत आला आहे का हे नियमित पाहत राहा आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची शीर्षनिहाय पावती घ्या. नुसते ‘फी’ असे लिहिलेली पावती स्वीकारू नका, कारण प्रतिपूर्ती आल्यावर कोणती रक्कम परत मागायची, हे त्या पावतीवरूनच ठरते.